एका गिटारवादक मास्तरांची गोष्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

ज्यांच्यासमोर आजही आपले हात आपोआप मागे बांधले जातात असे आपले सर्व गुरुजन, आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "पंधरा मिनिटं बोल आणि तुझ्या विषयावर बोल." माझा विषय गिटार. पुण्यात मी गिटार शिकवते. अमडापूरला आले की एक प्रश्न ठरलेला असतो, "थे ठीक हाय, पण वाजवतं कुठी?" कुठी म्हणजे स्टेजवर, टीव्हीवर, सिनेमात. मी सांगते, "वाजवते थोडं, शिकवते जास्त." विचारणारा मान हलवतो आणि बोलणं सोयाबीनच्या भावावर जातं.

या प्रश्नामागे आपल्या सगळ्यांच्या मनातला एक समज आहे. वाजवणारा तो मोठा, आणि ज्याला वाजवायला मिळत नाही तो शिकवतो. आज समोर इतके शिक्षक बसलेले असताना हा समज तपासून पाहावा असं मला वाटलं. त्यासाठी मी एका माणसाची गोष्ट निवडली आहे. त्यांचं नाव अमान्सियो डिसिल्वा. जॅझ गिटारवादक, रचनाकार आणि शिक्षक. १९ मार्च १९३६ ला मुंबईत जन्म, आईवडील मूळचे गोव्याचे. १७ जुलै १९९६ ला निधन. आपल्यापैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकलं असेल, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

आधी जॅझ म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लीन्स नावाचं बंदराचं शहर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कृष्णवर्णीय वादकांच्या हातून हे संगीत आकाराला आलं. ऐकायला परकं वाटतं, पण त्याची रीत आपल्या भजनी मंडळाच्या फार जवळची आहे. बुवा ध्रुवपद म्हणतात, टाळकरी ते उचलतात. मग बुवा एक चरण घेतात आणि तो फिरवतात, लांबवतात, मध्येच थांबतात. पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघत असतो. आणि मग सगळे एकदम ध्रुवपदावर येतात. जॅझमध्येही आधी सगळे मिळून चाल वाजवतात, मग एकेक जण आपली पाळी आली की त्याच चालीवर तिथल्या तिथे नवं काही रचतो, आणि शेवटी पुन्हा सगळे मूळ चालीवर परततात. शेगावच्या पालखीमागे चाललेल्या दिंडीत ज्यानं भजन ऐकलंय, त्याला जॅझचं अर्धं कळलं आहे असं मी माझ्या मुलांना सांगते.

उरलेलं अर्धं वेगळं आहे. आपल्याकडे पेटीवाला षड्ज धरतो, तो कीर्तन संपेपर्यंत हलत नाही. घराच्या जोत्यासारखा तो खाली पक्का असतो. जॅझमध्ये खालचं जोतंच हलतं. तीन-चार सुरांचं एक जुडगं, ज्याला कॉर्ड म्हणतात, ते थोड्या थोड्या मात्रांनी बदलत राहतं. आपला गवई एकाच जागी उभा राहून खोल बुडी मारतो. जॅझवाला वाहत्या नदीतल्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर पाय टाकत पलीकडे जातो. दोन्ही कामं अवघड, पण दोन वेगळी. ज्याला दोन्ही जमली असा माणूस विरळा, आणि डिसिल्वा त्या विरळ्यांपैकी एक होते.

हे जॅझ आपल्या मुलखात आलं ते मुंबईच्या हॉटेलांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकी कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. असे बँड येत गेले आणि त्यांच्याकडून ही विद्या चटकन उचलली ती गोव्याच्या वादकांनी. त्यांना ती इतक्या लवकर का जमली, याचं उत्तर एका शाळेत आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथे मुलांना स्वरलिपी वाचायला, कोरसमध्ये गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. शिकवणाऱ्याला पोर्तुगीजमध्ये 'मेस्त्रे' म्हणत. आपल्याकडचा 'मिस्त्री' हा शब्द त्यातूनच आला, आणि 'मास्तर' हा त्याचाच इंग्रजीकडून आलेला चुलतभाऊ. अशा शाळांत तयार झालेली गोव्याची मुलं पोटासाठी मुंबईत आली. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत गाणी, असं त्यांचं आयुष्य होतं. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावानं गाजले आणि त्यांनी सी. रामचंद्रांच्या गाण्यांसाठी काम केलं. भगवानदादांच्या ज्या नाचावर आपले वडील-काका फिदा होते, त्यामागच्या वाद्यमेळात ही सगळी जॅझची मंडळी आहेत.

आणखी एक उदाहरण देते, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, फक्त माहीत असल्याचं माहीत नाही. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येतो आणि आपलं नाव सांगत गातो. त्या गाण्यातलं अँथनी गोन्सालविस हे नाव खऱ्या माणसाचं आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे व्हायोलिनवादक मुंबईत फिल्मी वाद्यवृंदात होते आणि मुलांना व्हायोलिन शिकवत. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक प्यारेलाल, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले प्यारेलाल. मोठा झालेल्या विद्यार्थ्यानं आपल्या मास्तरांचं नाव गाण्यात घालून ते अख्ख्या देशाच्या तोंडी दिलं. आपल्या वरातीत बँडवाल्यांनी ते वाजवलं आणि आपण त्यावर नाचलो. ती गुरुदक्षिणा होती हे आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आता डिसिल्वांकडे येते. त्यांनी गिटार हातात घेतली तेव्हा जॅझमध्ये हे वाद्य तसं नवखं होतं. सुरुवातीच्या बँडमध्ये गिटारवाला मागे बसून ठेका धरायचा. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या आवाजापुढे त्याचा आवाज पोहोचतच नसे. विजेची गिटार आली आणि चित्र बदललं. १९३९ मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या बँडमध्ये आला आणि गिटारही पुढे येऊन बोलू शकते हे त्यानं दाखवून दिलं. पण गिटारचं मागे बसण्याचं कसब सुटलं नाही. साथ आणि मुख्य सूर, दोन्ही एकाच माणसाला करता येणारी वाद्यं थोडी असतात. पियानो तसं, आपली पेटी तशी, आणि गिटार तशी. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला तिच्याकडे पुन्हा यायचं आहे.

मुंबईत वाढलेल्या या मुलाच्या कानावर चर्चचं संगीत होतं, गोव्याची कोकणी गाणी होती, रेडिओवरचं शास्त्रीय संगीत होतं आणि अमेरिकी जॅझही होतं. तरुणपणी हॉटेलांतून वाजवताना त्यांची कला जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींच्या नजरेस आली. त्यांनी डिसिल्वांना अमेरिकी बनावटीची गिब्सन गिटार घेऊन दिली. त्या काळात चांगलं विदेशी वाद्य मिळवणं किती दुरापास्त होतं हे वादकांना विचारा. पुढे डिसिल्वांनी आपल्या रचनांना 'जयपूर' आणि 'महाराणी' अशी नावं दिली. आयरिश पत्नी जॉइस यांच्यासाठी 'जॉइस कंट्री' ही रचना केली, आणि आयर्लंडमध्ये खरोखरच त्या नावाचा एक डोंगराळ प्रदेश आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कुटुंबासह लंडनला गेले. तेव्हा तिथे भारतीय संगीत आणि जॅझ एकत्र करण्याचे प्रयोग चालू होते. कलकत्त्याचे व्हायोलिनवादक-रचनाकार जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी दुहेरी पंचक तयार केलं होतं. पाच वादक जॅझचे आणि पाच भारतीय संगीताच्या बाजूचे. त्यात तबल्यावर होते केशव साठे, आपले मराठी माणूस. सतार, तंबोरा, तबला एकीकडे आणि ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम दुसरीकडे, असा तो मांडव होता. गाजलाही.

डिसिल्वांनी वेगळं केलं. डेनिस प्रेस्टन या निर्मात्यानं त्यांचं वादन ध्वनिमुद्रित केलं आणि १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' ही त्यांची रेकॉर्ड निघाली. सोबत ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, बासवर डेव्ह ग्रीन आणि ड्रमवर ट्रेव्हर टॉमकिन्स. ब्रिटनमधले त्या वेळचे अव्वल वादक. त्याच वर्षी जो हॅरियट यांच्याबरोबर 'हम दोनो' निघाली. नाव ऐकून आपल्याला देव आनंदचा सिनेमा आठवेल, पण हे दोघे म्हणजे एक गोव्याकडचा आणि एक जमैकाचा. नॉर्मा विन्स्टन ही गायिका त्यात शब्दांविना, नुसत्या आवाजानं गायली आहे.

या दोन रेकॉर्डींत सतार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. तरीही पहिल्या मिनिटात कळतं की वाजवणारा आपल्याकडचा आहे. सूर एकदम न लावता खालून ओढत आणणं, एका सुराभोवती घुटमळणं, लय अशी विभागणं की टाळी कुठे द्यावी ते भजनीबुवाला कळेल आणि लंडनच्या ड्रमवाल्याला क्षणभर विचार पडेल. गिटारला पडदे असतात, सतारीसारखी लांब मींड तिच्यावर निघत नाही. बोटानं तार थोडी बाजूला खेचून जेवढं येईल तेवढंच. त्या थोडक्यात त्यांनी ते बसवलं.

मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं. आपण गावाबाहेर पडलेले लोक आपलं गाव कसं दाखवतो? सणाला फेटा बांधतो, व्हॉट्सॲपवर बल्लाळदेवीच्या देवळाचा फोटो ठेवतो. त्यात वाईट काही नाही. पण फेटा उतरवल्यावरही बोलण्यात, काम करण्यात, माणसाशी वागण्यात गाव राहिलं पाहिजे. डिसिल्वांनी लंडनमध्ये भारताची वाद्यं न मांडता भारत वाजवला. पुढे सतार-तबल्यासह वाजवण्याचा योग आला तेव्हा तेही आनंदानं केलं. १९७२ च्या 'ड्रीम सीक्वेन्स' या रेकॉर्डमध्ये केशव साठे यांचा तबला आहे.

मग वारं फिरलं. तरुण श्रोते रॉककडे गेले आणि जॅझचे कार्यक्रम कमी झाले. 'हम दोनो'मधले दुसरे भागीदार जो हॅरियट १९७३ च्या जानेवारीत हलाखीत गेले, अवघ्या ४४ व्या वर्षी. डिसिल्वांची 'कोकण डान्स' ही रेकॉर्ड सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित झाली, पण बाहेर पडलीच नाही. ती लोकांच्या हाती आली २००६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आधीच्या रेकॉर्डी मिळेनाशा झाल्या होत्या. आज त्यांच्या मूळ प्रती संग्राहक भारी किंमत देऊन घेतात आणि नव्या आवृत्त्याही निघाल्या आहेत. पण ही सगळी पुढची गोष्ट. नंतरच्या वर्षांत डिसिल्वा शिकवत होते. लंडनमधल्या जेनाको आर्ट्स या केंद्रात त्यांनी गिटारचे विद्यार्थी घडवले.

आता कुणी म्हणेल, पाहा, स्टेज सुटलं म्हणून शिकवायला लागले. गावातला प्रश्न बरोबरच होता की! म्हणून मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आता काढते.

जॅझ गिटार शिकवण्याची रीत अशी असते. दोन गिटारी, समोरासमोर दोन खुर्च्या. मास्तर कॉर्ड वाजवतात, म्हणजे साथ करतात. विद्यार्थी त्यावर मनानं काहीतरी रचतो. सुरुवातीला तो अडखळतो, नको त्या सुरावर जातो. चांगला मास्तर तिथे थांबवत नाही. तो आपली साथ किंचित बदलतो, म्हणजे चुकलेला सूरही वाटेवर येतो. विद्यार्थ्याला वाटतं आपल्याला सुचलं. मग पाळी बदलते. आता मास्तर पुढे आणि विद्यार्थी साथीला. साथ करता करता त्याला कळतं की दुसऱ्याला जागा देणं म्हणजे काय, किती वाजवायचं आणि कधी गप्प बसायचं. मी माझ्या वर्गात चार ओळी वाजवून चार ओळी मोकळ्या सोडते. त्या मोकळ्या जागेत मूल जे वाजवतं, तो त्या दिवसाचा धडा.

म्हणजे ज्याला मागे बसता येतं आणि पुढेही येता येतं, असाच माणूस हे शिकवू शकतो. नुसता पुढे येणारा शिकवू शकत नाही. डिसिल्वांनी 'हम दोनो'मध्ये हॅरियट यांच्या सॅक्सोफोनमागे जी साथ केली, तीच विद्या वर्गात विद्यार्थ्यामागे करायची असते. वादक संपला आणि मास्तर सुरू झाला असं तिथे होत नाही. गिटार तीच, खुर्ची बदलते.

फरक एकच. मंचावरच्या साथीची रेकॉर्ड निघते, वर्गातल्या साथीची निघत नाही. एखाद्या मंगळवारी संध्याकाळी मास्तरांनी कोणत्या सुराशी कॉर्ड बदलली आणि समोरच्या मुलाची भीती कशी गेली, याची तबकडी जगात कुठल्याही संग्राहकाकडे नाही. आपल्याला गणितात पास करणाऱ्या, निबंधाच्या वहीत लाल शाईनं एक ओळ लिहून देणाऱ्या, मुलीला पुढे शिकू द्या म्हणून घरी येऊन वडिलांशी बोलणाऱ्या शिक्षकांचीही नाही. शाळेच्या दाखल्यावर आपली जन्मतारीख असते, वर्तणूक असते. कोणी कशी साथ केली याला त्यात रकाना नाही. अमिताभच्या गाण्यात नाव येण्याचं भाग्य हजारात एका मास्तरांना मिळतं. बाकीच्यांची नोंद आपण आहोत.

जो हॅरियट यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. किंग्स्टन शहरात ननांनी चालवलेली अल्फा बॉइज स्कूल नावाची गरीब, अनाथ मुलांची शाळा होती. तिथे मुलांचा बँड होता. हॅरियट त्या शाळेत वाढले, तिथेच क्लॅरिनेट शिकले. जमैकाचे कितीतरी नामवंत वादक त्याच एका शाळेतून निघाले. तिकडे अल्फा आणि इकडे गोव्यातल्या मेस्त्रेंच्या शाळा. कुठल्याही संगीताच्या मागे गेलं की शेवटी एखादी खोली, थोडी वाद्यं आणि एक मास्तर सापडतात. श्रीमंत खोली असावी लागत नाही. उघडी असावी लागते.

म्हणून जाता जाता एक मागणी करते. आपण सगळे मिळून शाळेला काय भेट द्यायची यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. कमान, वॉटर कूलर, डिजिटल फळा. कूलर जरूर द्या, इथला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. पण कमानीऐवजी वाद्यांची एक खोली द्यावी असं माझं म्हणणं आहे. एक पेटी, तबल्याची जोडी, ढोलकी, टाळ, तुकडोजी महाराजांच्या विदर्भात शोभेल अशी खंजिरी आणि दोन गिटारी. आठवड्यातून दोन दिवस येणारा एक शिक्षक आणि त्याला नियमित मानधन. किल्ली मुलांच्या हाती. वाद्य हाताळल्यानं बिघडतं त्याहून जास्त कपाटात पडून बिघडतं. लाकूड वाळतं, कातडं सैल होतं, पेटीत उंदीर होतात. फुटलं तर दुरुस्त करू, वर्गणी पुन्हा काढू. दोन गिटारी मी आणते, आणि दर वर्षी मेमध्ये आठ दिवस येऊन शिकवीन, हा शब्द आजच इथे देते. त्यातून कुणी डिसिल्वा होईल असं मी म्हणत नाही. दुसऱ्याच्या सुराला जागा देणारी दहा मुलं दर वर्षी बाहेर पडली तरी गावाला पुष्कळ झालं.

वेळ संपत आली, कारण स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास यायला लागला आहे. जेवणानंतर मी याच स्पीकरवर 'हम दोनो'मधली 'बॅलड फॉर गोवा' ही रचना लावणार आहे. ज्यांना गाडी पकडायची नाही त्यांनी थांबावं. गुरुजनांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवल्या आहेत.